बडोद्याची हरवलेली वाद्यांची गल्ली कागदावर कशी उतरवायची

सुरसागर तलावाच्या काठी गायनशाळा आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर वाद्यांची दुकानं, हे माझ्या पिढीच्या बडोदेकराला वेगळं सांगावं लागत नाही. गायक मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये ही शाळा काढली. आज ती सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, पण दांडिया बाजारातल्या मराठी घरांत ती अजून गायनशाळाच. शिकणारे होते म्हणून पेटीवाले (हार्मोनियमवाले) होते, तबल्याला पुडी म्हणजे चामड्याचं तोंड चढवणारे होते, तंबोऱ्याची जवारी काढून देणारे, म्हणजे घोडी घासून तारेला गुंजन आणणारे होते, तारा-नख्या-गवसण्या विकणारे होते. आम्ही त्या रस्त्याला नुसतं ‘गल्ली’ म्हणायचो. आता तिथे मोबाइलची कव्हरं आणि तयार कुडते मिळतात.

जुने लोक भेटले की या गल्लीचा विषय निघतो आणि सगळे हळहळतात. मलाही हळहळ वाटते, फार वाटते. माझे बाबा कीर्तनाला पेटीची साथ करायचे, त्यामुळे माझं अर्धं लहानपण त्या दुकानांच्या ओट्यांवर गेलंय. पण ज्यांच्या हातात ते काम होतं ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून गेली काही वर्षं मी नोंदी करते आहे, आणि त्या कशा कराव्यात हे इथे लिहिते आहे. तुमची गल्ली बडोद्यातली असो, ग्वाल्हेरची असो की इंदूरची, पद्धत चालेल.

आधी कामं लिहा, दुकानं मागाहून

बहुतेकजण सुरुवात करतात ती दुकानांच्या नावांपासून. कोपऱ्यावर अमुक, त्याच्या शेजारी तमुक. अशी यादी चार दिवसांत होते आणि तिथेच थांबते, कारण पाटीवर मालकाचं नाव असतं आणि काम भलताच कोणी करत असतो. एक पेटी घ्या. खोकं सुताराकडून यायचं. सूर, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या जिभेच्या पट्ट्या (रीड), यायचे पालिताण्याहून. पितळेचे हे सूर करण्यात भावनगरकडचं ते गाव नावाजलेलं आहे. भात्याच्या घड्या घालणारा वेगळा, पट्ट्यांखाली चामडं चिकटवणारा वेगळा आणि शेवटी सूर लावणारा वेगळा. गल्लीला गल्लीपण होतं ते या साखळीमुळे. एका ओट्यावर अडलेलं काम चार पावलांवर दुसऱ्या ओट्यावर सुटायचं.

म्हणून पहिल्या पानावर कामांची यादी करा. पेटीची कामं: सूर बसवणं, सूर घासणं, भाता, पट्ट्या, खुंट्या. तंबोऱ्याची: भोपळा सांधणं, तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी), घोडी (जिच्यावरून तारा जातात), जवारी, खुंट्या घट्ट करणं. तबल्याची: पुडी, शाई (पुडीवरचा काळा गोल), वादी (चामड्याची दोरी), गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे). मग प्रत्येक कामापुढे दोन प्रश्न लिहा. हे कोण करायचं? माल कुठून यायचा? दुकानांची नावं या उत्तरांत आपोआप येतात, आणि पाटी नसलेली माणसंही येतात. माझ्या वहीत अशी माणसं मालकांपेक्षा जास्त आहेत, आणि मला त्यांचीच नोंद अधिक मोलाची वाटते.

घरातली पेटी उघडा

गल्लीचा सगळ्यात भरवशाचा कागद तुमच्या माळ्यावर धूळ खात पडलेला असतो. जुनी पेटी, तंबोरा, दिलरुबा, काहीही. पेटी उघडायला सोपी, म्हणून तिचंच सांगते.

खाली स्वच्छ पांढरी चादर घाला, म्हणजे पडलेला स्क्रू दिसेल. काही हलवण्याआधी चारी बाजूंनी, वरून आणि तळाचे फोटो काढा. वरचं झाकण बहुतेक पेट्यांत नुसतं उचललं जातं. त्याखालची जाळी स्क्रूंनी धरलेली असते. पट्ट्यांना हात लावू नका. त्यांच्या स्प्रिंगा जुन्या असतात आणि एकदा सुटल्या की जागेवर बसवायला कारागीरच लागतो. सुरांची पाटी बघायची तर पेटीच्या रचनेप्रमाणे वरचा भाग बिजागऱ्यांवर उघडतो किंवा सरकवून काढावा लागतो. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा आणि जाणत्या माणसाला बोलवा. सुरांवर बोट फिरवू नका. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं अजिबात नको.

आता वाचायला लागा. कारागिरांना पेन्सिलीने खुणा करायची सवय असायची. सुरपाटीच्या कडेला, खोक्याच्या आतल्या भिंतीवर, भात्याच्या फळीच्या मागे बघा. बाबांच्या पेटीत सुरपाटीवर तीन वेगवेगळ्या हातांची अक्षरं आहेत. एक मोडीच्या वळणाचं, एक गुजराती, आणि एक नुसतीच खूण, उभ्या रेघेवर दोन ठिपके. तीन माणसांनी तिला वेगवेगळ्या वेळी हात लावलाय, आणि तिसऱ्याला लिहिता येत नसावं किंवा लिहायची गरज वाटली नसावी. भाता एका बाजूने फाटला होता, तिथे आतून गुजराती वर्तमानपत्राचा तुकडा डकवलेला आहे. त्यावर सिनेमाची अर्धी जाहिरात आहे. अशा तुकड्यावरून दुरुस्ती कधीची हे बऱ्यापैकी कळतं, म्हणून जुना भाता बदलताना तो फेकू देऊ नका.

आणखी एक. दुरुस्तीला देण्याआधी पेटीचे सगळे सूर एकेक करून फोनवर रेकॉर्ड करा, बेसूर असले तरी. जुन्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झच्या ठरीव पट्टीशी जुळतीलच असं नाही. कारागीर त्या नव्या पट्टीला आणून देईल, आणि मग त्या काळी गल्लीत सूर कुठे धरला जायचा याचा पुरावा कायमचा पुसला जाईल.

चिठ्ठीवरून काळ ओळखणं

दुकानाची चिठ्ठी किंवा पत्र्याची पट्टी पेटीवर असेल तर तिच्यावरच्या पत्त्यातून पुष्कळ काही निघतं. बडोद्यापुरतं सांगायचं तर:

‘बडोदे राज्य’ किंवा ‘बडोदे संस्थान’ असं असेल तर माल १ मे १९४९ च्या आधीचा, कारण त्या दिवशी संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं. पत्त्यात बडोद्यापुढे ‘मुंबई राज्य’ असेल तर १९६० च्या आतला. ‘गुजरात राज्य’ म्हटलं की १ मे १९६० नंतरचा. ३९०००१ असा पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनची पद्धत तेव्हा सुरू झाली. इंग्रजीत ‘वडोदरा’ छापलेलं असेल तर बहुतेक १९७४ नंतरचा, शहराचं नाव सरकारी कागदांत त्या साली बदललं. इथे एक सावधगिरी हवी. गुजरातीत हे शहर पहिल्यापासून वडोदराच आहे, तेव्हा गुजराती चिठ्ठीला हा नियम लावू नका. आणि इंग्रजीत ‘बरोडा’ दिसलं म्हणून ते जुनंच असेल असंही नाही, पुष्कळ दुकानदारांनी ते नाव पुढेही सोडलं नाही.

पावती सापडली तर किमतीकडे बघा. आणे-पै असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची असण्याची शक्यता मोठी. ‘नवे पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ मधली. गुजराती चोपड्यातली नोंद असेल तर साल विक्रम संवतात असेल आणि वर्ष दिवाळीनंतरच्या पाडव्याला बदललेलं असेल. दिवाळी ते डिसेंबरअखेरच्या नोंदीसाठी संवतातून ५७ वजा करा, जानेवारी ते पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. मराठी घरातल्या कागदावर शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यानची तारीख असेल तर ७९.

सुरांवर जर्मनीचा किंवा पॅरिसचा शिक्का असेल तर घरात सगळ्यांना आनंद होतो. होऊ द्या. मात्र त्या एका शिक्क्यावरून पेटीचं वय ठरवू नका. जुने परदेशी सूर नव्या खोक्यात बसवून देणं हा त्या धंद्यातला नेहमीचा प्रकार होता, आणि गिऱ्हाईकही ते मागून घ्यायचं.

माणसांकडे जाताना

पेटी बरोबर न्या. हे सगळ्यात महत्त्वाचं. रिकाम्या हाताने गेलात आणि ‘काका, तेव्हाचं काही सांगा ना’ म्हणालात, तर काका म्हणतील, ‘काय सांगू, फार चांगले दिवस होते.’ बोलणं तिथेच संपेल. पेटी पुढ्यात ठेवा आणि विचारा, ‘हा भाता कोणाच्या हातचा वाटतो?’ मग बघा.

मी अशीच एका म्हाताऱ्या सूर लावणाऱ्यांकडे गेले होते. ते आता वाघोडिया रोडला मुलाकडे राहतात. बाबांना ते ओळखत होते. बराच वेळ माझ्याशी जेमतेम बोलले. मी सुरपाटी पुढे केली तेव्हा त्यांनी चष्मा बदलला आणि एका सुराच्या पितळी जिभेखाली पातळ पत्रा सरकवला. जिभेच्या टोकाला सूर घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो, हे मला ऐकून माहीत होतं. त्यांनी ते करून दाखवलं. टोकावर पातीने दोनच हलके फराटे, मग नखाने जीभ छेडली, कान जवळ नेला, पुन्हा एक फराटा. पितळेची पूड इतकी बारीक पडली की चादरीवर दिसलीही नाही. मग म्हणाले, ‘बेन, पेटी मूकी जाओ, सांजे लई जजो.’ (ताई, पेटी ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा.) हेच वाक्य ते माझ्या लहानपणी बाबांना म्हणायचे, फक्त तेव्हा ‘बेन’च्या जागी ‘भाऊ’ असायचं. त्यानंतर त्यांनी सांगायला सुरुवात केली ती दुपार संपेपर्यंत. कोणाकडे कोण शिकला, कोणाचं कोणाशी पटत नसे, नवरात्राच्या आधी रात्रभर दिवे कसे जळत, एखादा उस्ताद तंबोरा घेऊन आला की जवारीवाल्याच्या ओट्यावर गर्दी कशी होई.

भाषेची फिकीर करू नका. गल्लीत तीन भाषा एकत्रच चालायच्या. गुजराती, मराठी आणि कारखान्यातली हिंदी-उर्दू. ज्या भाषेत समोरचा माणूस आपलं काम सांगतो त्याच भाषेत लिहून घ्या, मराठी करत बसू नका. त्यात हत्यारांची आणि लाकडांची नावं असतात, ती नंतर कुठेच मिळत नाहीत.

काही गोष्टी पाळा. रेकॉर्डिंगची परवानगी आधी मागा. फोन टेबलावर नुसता न ठेवता घडी घातलेल्या फडक्यावर ठेवा आणि शक्य असेल तर पंखा बंद करा. घरातल्या बायकांशी स्वतंत्र बोला. पुड्यांच्या वाद्या ओढणं, गवसण्या शिवणं, हिशेब ठेवणं अशी कामं पुष्कळ घरांत त्याच करायच्या, पण पुरुषांच्या सांगण्यात त्या येत नाहीत. भांडणाच्या गोष्टी ऐका पण त्या माणसाच्या नावानिशी पुढे पसरवू नका. आणि त्यांच्याकडून काही काम करून घेतलंत तर पैसे द्या, पूर्ण द्या.

साल कोणालाच नीट आठवत नाही. प्रसंग आठवतो. म्हणून ‘दुकान कधी बंद झालं?’ असं विचारू नका. गुजरातेतल्या नवनिर्माण आंदोलनाच्या आधी की नंतर? इंदिराबाई गेल्या तेव्हा उघडं होतं का? भूकंप झाला त्या सव्वीस जानेवारीला? २००५च्या पुरात माल भिजला होता का? १९७४, १९८४, २००१, २००५, अशा खुंट्या मिळाल्या की मधलं सगळं टांगता येतं.

नकाशा

दोन वेगवेगळ्या माणसांबरोबर, वेगवेगळ्या दिवशी गल्लीतून चाला. एकत्र नेऊ नका, एकजण बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. न हललेल्या गोष्टी आधी काढा. देऊळ, पोळीचं (गुजराती ‘पोळ’, म्हणजे घरांच्या बंदिस्त आळीचं) तोंड, वळण, जुना वाडा. मग त्यांच्या आधाराने ओटे मोजत जा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहा, वेगळ्या शाईने. त्यांच्यात समेट करायची घाई नको. माझ्या नकाशावर तंबोऱ्याचं एक दुकान अजून दोन ठिकाणी आहे, आणि मला दाट संशय आहे की ते खरंच हललं असावं.

एका नकाशात सगळा काळ कोंबू नका. मी तीन पानं केली आहेत: संस्थान असतानाचं, जे ऐकीव आहे. माझ्या लहानपणचं. आणि अगदी शेवटचं, जेव्हा निम्म्या दुकानांत गिटार आणि कॅसिओ टांगलेले होते. तिसरं पान काढताना जिवावर येतं, तरी काढा. वाद्यांचं दुकान एका दिवसात बंद होत नाही. आधी कारागीर जातो, मग दुरुस्ती बंद होते, मग तयार माल बाहेरून येतो आणि शेवटी पाटी उतरते. आमच्या गल्लीत हे याच क्रमाने झालं असं जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला तेव्हा जवारीचं काम घटलं. मुलं नोकरीला लागली. भाडी वाढली. कोणी एकाला दोष देण्यासारखं त्यात मला काही सापडलं नाही.

कामं कुठे गेली ते शोधा

पहिल्या पानावरची कामांची यादी आता पुन्हा काढा आणि प्रत्येक कामापुढे तिसरा प्रश्न लिहा: हे आज कोण करतं? हे पान लिहिताना मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण पुष्कळ रकाने भरले.

सूर अजून पालिताण्याहून येतात. तबल्याची पुडी चढवणारी डबगर मंडळी गुजरातेत अजून आहेत, आणि नवरात्राच्या तोंडावर ढोलांचं काम त्यांना पुरून उरतं. सूर लावणारे आहेत, फक्त ते ओट्यावर न बसता फोन केला की घरी येतात. तंबोऱ्याची वाट मात्र मिरजेला जाते. तिथे सतारमेकरांच्या घराण्यांनी दीडशेहून अधिक वर्षं हे काम धरून ठेवलं आहे. पंढरपूर भागातल्या भीमाकाठचे भोपळे वाळवून तिथे तंबोरे बनतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बडोदं आणि मिरज यांचा धागा जुना आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब बडोद्याच्या दरबारातून बाहेर पडले आणि पुढे मिरजेलाच स्थायिक झाले. तुमच्या घरच्या तंबोऱ्यावर बडोद्याच्या दुकानाची चिठ्ठी असली तरी आतला भोपळा मिरजेचा असू शकतो. विचारायचं कसं? तबली, कोरीव काम आणि भोपळ्याचा आकार यांचे स्पष्ट फोटो काढून जाणत्या कारागिराला दाखवा.

दुरुस्ती करून घेणार असाल, आणि मी म्हणेन जरूर करून घ्या, तर कारागिराला चार गोष्टी आधीच सांगा. चिठ्ठी आणि पेन्सिलीची अक्षरं घासायची नाहीत. पॉलिश बाहेरून हवं तर करा, आतून नको. बदललेले सूर, जुनं चामडं, जुना भाता परत द्या. आणि काम झाल्यावर आत स्वतःचं नाव, गाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा. ही शेवटची गोष्ट सांगितली की बहुतेक कारागीर क्षणभर बघतच राहतात आणि मग फार जपून, चांगल्या अक्षरात लिहितात.

वही कोणाच्या हाती द्यायची

एकच प्रत करून कपाटात ठेवू नका. हाताने काढलेल्या नकाशाचे दिवसाउजेडी फोटो काढा आणि रेकॉर्डिंगच्या फाइलला नाव देताना माणूस, काम आणि तारीख तिन्ही घाला, म्हणजे तुमच्यानंतर उघडणाऱ्याला कळेल. एक प्रत गावातल्या संगीत संस्थेच्या ग्रंथालयाला द्या. एक अशा माणसाला द्या जो अजून वाजवतो.

पण त्याआधी ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडे परत जा आणि त्यांचं पान त्यांना वाचून दाखवा. त्यांच्याच भाषेत, मोठ्याने, नातवंडं घरात असतील अशा वेळी. चुकलेली नावं तिथे दुरुस्त होतात, नको असलेला मजकूर काढायची त्यांना संधी मिळते, आणि विसरलेलं एखादं काम हमखास आठवतं. त्यासाठी पानाच्या उजव्या बाजूला रुंद समास सोडून ठेवा.